हत्तीच्या डब्यात काय आहे?

बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतल्या टीचरचं पत्र आलंय. लांब आहे, ओळख पटेल असं काही काढून टाकून थोडक्यात देते.

"मावशी, आमचं गॅदरिंग जवळ आलंय. तिसरी-चौथीच्या पोरांसाठी मी वीस मिनिटांचं नाटक लिहिलंय. जंगलात शाळा भरते, हत्ती, माकड, खारूताई, मांजर, उंदीर सगळे एका वर्गात. वर्गात एक नवीन कावळी येते, तिचं बोलणं वेगळं म्हणून सगळे हसतात, जेवायला कुणी जवळ बसवून घेत नाही, शेवटी हत्ती आपला डबा तिला देतो आणि सगळे मित्र होतात. खरं सांगायचं तर ह्या वर्षी वर्गात एक मुलगी आलीय, तिच्या घरची बोली वेगळी, पोरं तिची नक्कल करतात, त्यावरून हे सुचलं. हेडसर म्हणालेत, प्राणी काढून सरळ मुलंच ठेवली तर काय बिघडतंय, ड्रेसचं भाडं तरी वाचेल. एसडीएमसीचे, म्हणजे आमच्या शाळा समितीचे, एक मेंबर म्हणाले, कावळी म्हणजे कोण ते गावाला कळणारच की. आणि माझी नणंद म्हणते, लहान पोरांना बोलणारे प्राणीच लागतात, टीव्हीवर बग. मला काही सुचेना झालंय. प्राणी असायलाच पाहिजेत का?"

टीचर,

मावशी म्हणालीस म्हणून अगं-तुगं करते, आणि पहिल्यांदा तुझ्या हेडसरांची बाजू घेते, रागावू नको. तुझं नाटक वाचताना मी हत्तीच्या जागी संतोष, माकडाच्या जागी पिंट्या, खारूताईच्या जागी सुमी असं घालत गेले आणि काय सांगू, एक वाक्य बदलावं लागलं नाही. हत्ती बाकावर बसतो, दप्तर उघडतो, होमवर्क राहिलं म्हणून घाबरतो, आणि डब्यात काय आणतो तर चपाती आणि बटाट्याची भाजी. अगं हत्ती की तो! चपाती-भाजी खाणारा हत्ती म्हणजे सोंड लावलेला संतोषच, मग भाडं कशाला भरायचं, हेडसर काही चुकीचं बोलले नाहीत.

पण लगेच प्राणी काढून टाक असंही मी म्हणत नाही. मी म्हणते डबा उघडून बग. त्या प्राण्याच्या डब्यात त्याचं स्वतःचं खाणं आहे का, आणि त्या खाण्यामुळे, नाहीतर त्याच्या अंगामुळे, कानामुळे, झोपेमुळे गोष्टीत काही घडतंय का. घडत असेल तर तो प्राणी पाहिजेच, हेडसर काय कुणीही म्हणू दे. नसेल घडत तर संतोषला त्याच्याच नावाने स्टेजवर येऊ दे, बिचाऱ्याला उकडणार तरी नाही.

आता पंचतंत्र घे, आपण सगळे त्याचं नाव घेतो आणि आठवतो फक्त ससा आणि विहिरीतला सिंह. पहिल्या तंत्राची मोठी गोष्ट आहे ती पिंगलक सिंहाची आणि संजीवक बैलाची. दोघांची मैत्री होते, सिंह बैलाशी गप्पा मारत बसतो आणि शिकारच सोडतो. त्यामुळे काय होतं, तर सिंहाचं उष्टं खाऊन जगणारे सगळे उपाशी राहायला लागतात, आणि दमनक-करटक हे दोन कोल्हे कट करतात तो ह्यातनंच. बग, अख्खं राजकारण पोटातनं निघालंय. सिंहाने गवत खाणाऱ्याशी दोस्ती केली हीच अडचण, आणि दरबारातल्या माणसांना कोल्हा का केलं तर कोल्हा दुसऱ्याच्या शिकारीवर जगतो म्हणून. इथे सिंहाच्या जागी राजा आणि बैलाच्या जागी कुणी व्यापारी घातला तर गोष्ट चालेल, पण मग दरबारी उपाशी का मरालेत ते सांगायला दोन पानं जास्त लिहावी लागतील. आणि ऐकणारे कोण होते, राजाची तीन पोरं, म्हणजे उद्याचे राजे, त्यांच्या तोंडावर "तुमचे मंत्री तुम्हाला फसवणार" असं कोण म्हणणार, त्यापेक्षा कोल्हा म्हणाला की झालं. आपल्या कर्नाटकात तर दुर्गसिंहाने अकराव्या शतकातच हे कन्नडमध्ये आणलं आणि हा दुर्गसिंह स्वतः चालुक्यांच्या दरबारातला माणूस, त्याला कोल्हे चांगलेच माहीत असणार.

माकड आणि मगरीचंही तसंच, काळीज झाडावर राहिलं ही थाप फक्त झाडावर राहणाराच मारू शकतो आणि पाण्यातलाच तिला फसू शकतो.

तुझ्या वर्गातली पोरं कन्नडच्या तासाला पुण्यकोटी गाईचं गाणं म्हणत असतील, "धरणी मंडल मध्यदोळगे". वाघ गाईला धरतो, ती म्हणते वासराला शेवटचं दूध पाजून येते, शब्द देते, जाते आणि खरंच परत येते, आणि वाघालाच स्वतःची लाज वाटून तो जीव देतो. हे तुझ्या हेडसरांना ऐकव आणि विचार, गाईच्या जागी आई आणि वाघाच्या जागी दरोडेखोर घालूया का? घातला की गोष्ट बसली. दरोडेखोर वाईट असतो, त्याने सोडलं तर सुधारला म्हणायचं. वाघ वाईट नाहीच की, तो उपाशी आहे, गाय खाणं हे त्याचं जेवण आहे. दोघांचंही बरोबर असताना एकाने मरायचं आहे, म्हणून तर पोरांच्या डोळ्यात पाणी येतं. माणसं घालून हे होत नाही.

तुझ्या नणंदेचं म्हणणं अर्धं खरं आहे. टीव्हीवर प्राणी भरपूर आहेत, पण ते पोरांना लागतात म्हणून कमी आणि बनवणाऱ्यांना सोयीचे पडतात म्हणून जास्त. लांब कान, सोंड, शेपटी असली की नुसत्या सावलीवरनं कोण ते कळतं, दोन वर्षांच्या पोरालापण. दुसरं म्हणजे डुकराला देश नसतो. पेप्पा पिग २००४ साली इंग्लंडात सुरू झालं आणि आज आपल्याकडची पोरंपण बघतात, तिथे एखादं इंग्रज कुटुंब दाखवलं असतं तर ते तिकडचं वाटलं असतं, डुक्कर काय कुठलंही. पण डुक्करपणा किती आहे म्हणशील तर मधनं मधनं नाकाने घुर्र करणं आणि चिखलात उड्या मारणं. बाकी बाप चष्मा लावून गाडी चालवतोय. डोरेमॉन तर मांजर आहे हे पोरांना सांगावं लागतं, भविष्यातनं आलेला रोबो तो, उंदराने कान कुरतडले आणि तेव्हापासून उंदराला घाबरतो, तेवढाच काय तो मांजराचा संबंध, आणि तोपण उलटा! मला तो आवडतो ते सोड, पण मांजर म्हणून नाही आवडत, खिशातनं वस्तू काढतो म्हणून आवडतो.

सावलीवरनं ओळखणं हे मात्र तुझ्या कामाचं आहे हां. गॅदरिंगला शेवटच्या रांगेत बसलेल्या आजीला स्टेजवरची सुमी कुठली आणि रूपा कुठली हे कळत नाही, पण सोंड कळते.

आता एक गोष्ट, जी हेडसरांच्या बाजूने जाते. कॅनडात टोरोंटो विद्यापीठातल्या लोकांनी २०१७ मध्ये चार ते सहा वर्षांच्या मुलांवर एक प्रयोग छापला. वाटून घेण्याबद्दलची एकच गोष्ट, काही मुलांना प्राण्यांची चित्रं असलेली वाचून दाखवली आणि काहींना तीच गोष्ट माणसांची चित्रं घालून. आधी आणि नंतर मुलांना स्टिकर दिले, दुसऱ्या मुलाला किती देतात ते बघितलं. माणसांची गोष्ट ऐकलेली मुलं नंतर जास्त द्यायला लागली, प्राण्यांची ऐकलेली नाही, उलट त्यांचं देणं थोडं कमीच झालं. म्हणजे लहान पोराला "वाटून खा" एवढंच सरळ सांगायचं असेल तर मधे प्राणी घालून फायदा नाही, त्याला वाटतं ते त्या प्राण्याचं आहे, माझं नाही. मी ह्याला फार चिकटून बसणार नाही, स्टिकर म्हणजे काय आयुष्य नव्हे आणि पुस्तक ऐकणं वेगळं, स्वतः सोंड लावून स्टेजवर उभं राहणं वेगळं. पण तुझ्या नाटकाच्या शेवटी हत्ती डबा देतो आणि सगळे टाळ्या वाजवतात, तो भाग ह्यात बरोबर अडकतो.

ह्यांच्यातल्याच एका बाईंचं त्याआधीचंही एक काम आहे, २०१४ चं. पुस्तकात प्राणी माणसासारखा बोलतो-वागतो असं लिहिलं की मुलं खऱ्या प्राण्यालापण माणसाचे गुण लावतात. शहरातल्या मुलांचं मला माहीत नाही, पण आपल्या भागात हे नुसतं पुस्तकातलं राहत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या पोराला अस्वल म्हणजे मऊ टेडी आहे असं वाटून चालत नाही, लाकडं आणायला गेलेल्या माणसावर अस्वल धावून आलेलं त्याने घरात ऐकलेलं असतं. हत्तीचं तर विचारूच नको. दांडेलीच्या बाजूने कळप येतो, भात कापायला आलेलं असतं आणि एका रात्रीत सगळं आडवं. तुझ्या वर्गात अशा घरची पोरं असणार. आणि तू त्यांना सांगालीस की हत्ती आपला डबा दुसऱ्याला देतो! एखादं पोर मागनं ओरडेल की, "टीचर, तो आमचा डबा घेऊन गेला ओ!" ओरडलं तर गप्प करू नको, तुझ्या नाटकातलं सगळ्यात चांगलं वाक्य तेच आहे, हत्तीच्याच तोंडी घाल. त्याने डबा उघडावा आणि आत भाताच्या लोंब्या निघाव्यात. "कुणाचं आहे रे?" "वाटेत मिळालं." बास, अख्खं गाव हसेल, आणि नुसतं हसणार नाही.

पोरांना दोन्ही एकदम डोक्यात ठेवता येतं ह्याची काळजी करू नको. २०२२ च्या ऑगस्टमध्ये बेळगावात गोल्फ कोर्सच्या झाडीत बिबट्या शिरला होता तेव्हा आसपासच्या शाळा बंद ठेवल्या होत्या, शोधायला सक्रेबैलूच्या हत्तीछावणीतनं हत्ती आणले होते, आणि त्याच वेळी फोनवर बिबट्याचे इतके जोक फिरालेले की काय बोलू नको, फोनमधला बिबट्या बोलत होता आणि झाडीतला बोलत नव्हता. पोरं जोकला हसायची आणि संध्याकाळी दार लावून घ्यायची. त्यांना फरक कळतो, मोठ्यांनाच कळायला वेळ लागतो.

आता तुझा खरा प्रश्न, जो तू पत्रात मधेच एका ओळीत लिहून टाकलास. ती मुलगी.

इथे मात्र मी हेडसरांच्या पूर्ण विरुद्ध. प्राणी काढून मुलं घातली की पहिली गोष्ट काय करावी लागते, नाव द्यावं लागतं. आणि आपल्या भागात नाव दिलं की सगळं दिलं. आडनाव नाही सांगितलं तरी नावावरनं, नाहीतर आई म्हणते की अव्वा म्हणते ह्यावरनं, घर कुठलं, भाषा कुठली, जात कुठली, कुणाच्या बाजूचे, हे बघणाऱ्याने अर्ध्या मिनिटात काढलेलं असतं. बोर्डावरची पाटी कुठल्या भाषेत आहे ह्यावरनं जिथे भांडणं झालीत तिथे वेगळ्या बोलीची नवीन मुलगी स्टेजवर आणायची म्हणजे ती मुलगी राहतच नाही, ती बाजू होते. लोक नाटक बघायचं सोडून टीचर कुणाच्या बाजूची ते बघत बसतील. पुण्यात नाहीतर बंगळूरला कुणी हे नाटक मुलं घेऊन केलं तर चाललं असतं, आपल्याकडे प्राण्याचा सगळ्यात मोठा उपयोग हाच की त्याला आडनाव नसतं.

पण मग तुझे ते एसडीएमसीचे मेंबर बोलले तेपण खरं आहे, आणि मला वाटतं ते तुझ्या भल्याचंच बोलले. कावळी नको गं. आपल्याकडे पोर जेवायला बसल्यापासून काऊ-चिऊ ऐकतं, हा घास काऊचा, हा घास चिऊचा, तिथपर्यंत छान. मग गोष्ट सुरू होते आणि कावळ्याचं घर शेणाचं, चिमणीचं मेणाचं. पाऊस येतो, कावळ्याचं घर वाहून जातं, तो दारात भिजतोय आणि चिमणी आतनं म्हणते थांब माझ्या बाळाला न्हाऊ घालते, थांब काजळ घालते. लहानपणी आपण हसलो ह्याला. आता बघितलं तर काळा, ज्याचं घर शेणाचं, त्याला बाहेर उभं केलंय आणि आतलीला दार उघडायला सवड नाही. हे सगळं त्या "कावळी" शब्दाबरोबर तुझ्या स्टेजवर येणार, तू आणलंस नाही आणलंस तरी. आणि खरं सांग, कावळीचं काम तू कुणाला देणार होतीस? शाळेच्या नाटकात कावळा नेहमी वर्गातल्या सगळ्यात काळ्या पोराला मिळतो आणि चिमणी गोऱ्या पोरीला, हे मी कितीतरी गॅदरिंगला बघितलंय, कुणी मुद्दाम करत नाही, तसंच होतं. प्राणी कुणाला लपवतो तसा कुणाला उघडंही पाडतो.

मग कोण घ्यायचं? मी सुचवते, वटवाघूळ.

हसू नको. एक तर ते तुझ्याच तालुक्यातलं आहे. भीमगड अभयारण्यातल्या बारापेडे गुहांमध्ये जी वटवाघळं राहतात, रॉटन नावाच्या इंग्रजाच्या नावाची, ती जात कितीतरी वर्षं जगात फक्त तिथेच आहे असं समजायचे, नंतर मेघालयात आणि कंबोडियात मिळाली. वाघ-सिंह सगळ्यांचे असतात, हे तुमचं. आणि त्याच्याबद्दल पोरांच्या डोक्यात अजून शेणाचं घर वगैरे काही भरलेलं नाही, थोडी भीती असेल तेवढीच.

पण खरं कारण दुसरं आहे. बहुतेक वटवाघळं ज्या आवाजात ओरडून अंधारात वाट काढतात तो इतका बारीक असतो की आपल्या कानाला ऐकूच येत नाही. म्हणजे ती बोलतेय, भरपूर बोलतेय, आणि वर्गाला वाटतंय ही गप्प आहे. बग, तुझ्या वर्गातल्या मुलीचं दुखणं ह्यापेक्षा नीट कसं दाखवणार तू? तिच्या बोलीची नक्कल स्टेजवर करायची गरजच नाही, नाहीतर तू कितीही चांगल्या हेतूने केलीस तरी पोरं घरी जाऊन तीच नक्कल करणार, हे लिहून ठेव. तोंड हलतंय, हात हलतायत, आवाज नाही. सगळे म्हणतात, "हिला बोलायलाच येत नाही."

आणि आता मजा बग. मांजराला आपल्यापेक्षा खूप बारीक आवाज ऐकू येतात. उंदीर तर आपसात तसल्याच बारीक आवाजात बोलतात. म्हणजे वर्गात दोघांना तिचं ऐकू येतंय, मांजराला आणि उंदराला, आणि दोघं एकमेकांच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत! उंदीर सांगतो ती काय म्हणाली, मांजर म्हणतं असं नाही म्हणाली. हत्तीचं तर अजून वेगळं, हत्ती इतक्या खालच्या आवाजातपण बोलतात की तो माणसाला ऐकू येत नाही, लांबवरच्या दुसऱ्या हत्तीला जातो. मग तुझा हत्ती एकदम म्हणू शकतो, "मी घरी वेगळंच बोलतो, तुम्हाला कधी ऐकूच आलं नाही." ह्या एका वाक्यासाठी मी हत्ती ठेवेन. आणि हत्तीचं तिला ऐकू येत नाही, तिचं हत्तीला नाही, दोघं शेजारी बसून तोंडं हलवतायत आणि उंदीर मधे बसून घाम पुसत दुभाषा झालाय. खऱ्या उंदराला हत्तीचा तो खालचा आवाज ऐकू येत नाही, पण नाटकात तेवढं चालतं. बेळगावच्या बाजारात रोज बघतेस की हे, एक बाई मराठीत विचारते, भाजीवाली कन्नडमध्ये सांगते, मधला कोणीतरी दोन्हीकडे मान हलवतो आणि भाव ठरतो.

हे सगळं माणसांची पोरं घालून होतंय का? नाही होत. आता प्राणी पाहिजेच.

दोन गोष्टी मात्र करू नको. वटवाघळाची एक जुनी गोष्ट आहे, पशू आणि पक्ष्यांच्या भांडणात ते कधी इकडे कधी तिकडे जातं आणि शेवटी कुणीच घेत नाही, ती ह्यात आणू नको, ना इकडचं ना तिकडचं हे सीमाभागातल्या माणसाने बरंच ऐकलंय, पोरांना परत कशाला. आणि दुसरं, शेवटी लाईट जाते, सगळे अंधारात अडकतात आणि वटवाघूळ सगळ्यांना बाहेर काढतं असला शेवट तुला नक्की सुचणार, कारण सगळ्यांनाच सुचतो. नको. मग अर्थ असा होतो की उपयोगाला आली म्हणून आम्ही जवळ केली. उपयोगाला नाही आली तर? तिला नुसतं बसू दे की जेवायला.

जेवणाचा सीन मात्र लांबव, सगळी मजा तिथे आहे. सगळ्यांचे डबे उघड. माकडाचं केळं. हत्तीच्या लोंब्या, ते झालं. खारूताईच्या डब्यात काहीच नाही, तिने कुठेतरी पुरून ठेवलंय आणि कुठे ते आठवेना झालंय. वटवाघळीच्या डब्यात किडे, आणि सगळे ईईई करतात. ह्या "ईईई" वर थांब जरा. सरकारी शाळेत दुपारी अंडं देतात, जो खात नाही त्याला केळं, आणि कोण अंड्याच्या बाजूला बसतो आणि कोण केळ्याच्या, हे पोरं रोज बघतात. काहींच्या घरी सांगून पाठवलेलं असतं कुणाशेजारी बसू नको म्हणून. हे तुला स्टेजवर माणसांची पोरं घेऊन बोलता येणार नाही, बोललीस तर दुसऱ्या दिवशी ऑफिसात चार लोक येतील. किड्यांच्या डब्यावर बोलता येतं. वटवाघळी डबा झाकते, आणि माकड म्हणतं, "झाकतेस काय, मला पण दे की एक," कारण माकडं किडे खातात, खरंच खातात. उगाच चांगुलपणा करायला नको, ते खरंच त्याचं खाणं आहे.

शेवटी डबा देणं-बिणं काढून टाक. किडे हत्तीला नको, लोंब्या मांजराला नको, त्यांनी एकमेकांचं खायचंच नाहीये, एका जागी बसून आपापलं खायचंय. तुझ्या वर्गात मुलांनी वाटून खावं असं वाटत असेल तर ते नाटकात नको, गॅदरिंगच्या दुसऱ्या दिवशी वर्गात सरळ सांग, संतोष, सुमी अशी नावं घेऊन सांग.

हेडसरांना भाड्याचं काय सांगायचं ते ऐक. भाड्याचे ते अख्खे फरचे ड्रेस आणूच नको, आत पोरं घामाने भिजतात आणि तोंडावर मुखवटा असला की बोललेलं कळत नाही, अर्धी वाक्यं वाया. पुठ्ठ्याची कपाळपट्टी, तिच्यावर कान. हत्तीला राखाडी पायमोजा भरून सोंड. वटवाघळीला आईची जुनी काळी छत्री उसवून काड्यांसकट पंख, छत्रीचा पंख बघूनच लोक ओळखतील. बाकी सगळं चालण्यातनं करून घे, माकड बाकावर उकिडवं बसतं, खार थांबून थांबून पळते, हत्ती वळताना सगळं अंग वळवतो. पोरांना एक दिवस नुसतं बघायला लाव, गल्लीतलं मांजर, गोठ्यातला उंदीर, नलिकलीत, म्हणजे त्या खेळत शिकायच्या पद्धतीत, नाहीतरी करून शिकायचंच असतं. प्रतिभा कारंजीला, म्हणजे शाळांच्या त्या कलास्पर्धेला, नाटक घेत असतील तर हेच परत करता येईल, तोंड हलवण्याला भाषा लागत नाही म्हणजे तिकडच्या परीक्षकांनापण कळेल.

आणि वटवाघळीचं काम त्या मुलीला देऊ नको. तिला उंदीर दे. दोन्हीकडचं समजणारा तो, सगळ्यात जास्त वाक्यं त्याची, सगळ्यात जास्त हशे पण त्याचे. वटवाघळी वर्गातल्या त्या पोराला कर जो तिची नक्कल सगळ्यात चांगली करतो. तोंड हलवून आवाज न काढता पाच मिनिटं स्टेजवर उभं राहायचं त्याला जमलं तर तो चांगला नट आहे समज.

मेंबरना जाऊन स्वतः वाचून दाखव, निरोप पाठवू नको. कावळी काढली म्हणून सांग, त्यांना आपलं ऐकलं असं वाटेल आणि ते खरंही आहे.

आणि गॅदरिंगच्या दिवशी माईकवाल्याला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेव की वटवाघळीचा आवाज येणार नाही, यायचा नाहीचे, नाहीतर आवाज येईना झालाय म्हणून तो मधेच स्टेजवर चढेल आणि पोराच्या तोंडासमोर "हॅलो हॅलो चेक" करत बसेल.

मावशी